दर शनिवारी पाच गाणी : आवडतं गाणं गावात वाटून घ्यायची रीत

माझं शिलाईचं दुकान घराच्याच समोरच्या खोलीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. दुपारी बाया ब्लाउज टाकायला येतात, तेव्हा मशीनच्या बाजूला फोनवर गाणं चालू असतं. एकदा एका वहिनीनं हूक लावून होईस्तोवर थांबून ऐकलं आणि म्हणाली, "हे कोनतं गानं हाय वं? मले पाठव ना." मी लगेच पाठवलं. आठ दिवसांनी विचारलं तर तिनं ते उघडलंच नव्हतं. सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक आणि कापसाच्या भावाचे फोटो यांच्या खाली ते दबून गेलं होतं.

म्हणून पुढच्या शनिवारी संध्याकाळी तिला आणि आणखी दोघींना घरीच बोलावलं. फोन स्टीलच्या रिकाम्या गंजात (पातेल्यात) उभा केला, म्हणजे आवाज मोठा होतो, आणि पाच गाणी ऐकवली. प्रत्येकाआधी दोन वाक्यं बोलले. ही २०१९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मधल्या टाळेबंदीत खंड पडला, तेवढा सोडला तर बैठक चालू आहे, आणि आता अंगणात पंचवीस-तीस माणसं बसतात. आजूबाजूच्या दोन गावांतून "आमाले बी सुरू कराचं हाय, कसं करता सांगा" असं विचारणं आलं. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

वार आणि वेळ आधी, गाणी नंतर

पहिलं काम वार ठरवण्याचं. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, अजूनही बिनाका गीतमालेचं सांगतात. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानींनी ती सुरू केली, आणि बुधवारी रात्री आठ म्हटलं की ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर गाव. पुढे टीव्ही आला तेव्हा चित्रहारनं तेच केलं. आज गाणं कधीही, कुठेही वाजतं, आणि म्हणूनच त्याची वाट कोणी बघत नाही. वार पक्का झाला की वाट बघणं परत येतं. शुक्रवारपासूनच मला लोक विचारायला लागतात, या वेळी काय आहे म्हणून.

वेळ मात्र शेतीच्या कामाकडे बघून ठेवा. आमच्याकडे दिवाळीनंतर हरभरा-गव्हाचं ओलीत सुरू होतं, आणि पंपाची लाइन रात्रीच्या पाळीत आली की माणसं नऊ-साडेनऊला शेतात जातात. त्या दिवसांत बैठक सातला सुरू करून आठला संपवतो. कापूस वेचून आलेल्या बाईला हातपाय धुऊन, भाकर टाकून यायला तेवढा वेळ लागतो. उन्हाळ्यात सातलाही अंगणातली फरशी आणि भिंत तापलेली असते. तेव्हा पाणी शिंपून साडेआठला बसतो. मृग लागून पेरणीची घाई सुरू झाली की तीन-चार आठवडे बैठक बंद. ओढूनताणून चालवू नका. पेरणीच्या दिवसांत डोळे मिटत असलेल्या माणसापुढे कितीही चांगलं गाणं ठेवलं तरी त्याचं काही उरत नाही.

वही

गाणं आवडलं की त्याच दिवशी यादीत घालू नका. शंभर पानी वही घ्या. गाण्याचं नाव आणि तारीख लिहा, समोर अर्धं पान कोरं सोडा. तीन दिवसांनी परत ऐका. मधल्या दिवसांत ते आपणहून तोंडात आलं का, आणि आलं तर कोणता तुकडा आला, ते त्या कोऱ्या जागेत लिहा. मी काज करताना किंवा तुरपाई घालताना जे गुणगुणते तेच मी पुढे ऐकवते. हाताला काम असतं तेव्हा मन खोटं बोलत नाही.

हे तीन दिवस विशेष करून नव्या गाण्यांना लावा. रील्समुळे एखाद्या गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा शंभर वेळा कानावर पडलेला असतो. आपल्याला वाटतं गाणं आवडलं, पण ओळख फक्त त्या तुकड्याची झालेली असते. पूर्ण ऐका. कित्येकदा आगेमागे काहीच सापडत नाही. आणि कधी कधी खरं सोनं दुसऱ्या अंतऱ्यात निघतं, जिथपर्यंत रील कधी पोचतच नाही.

पाचच का

पहिल्या महिन्यात मी एकदा उत्साहानं बावीस गाण्यांची यादी केली. आठव्या गाण्यापर्यंत अर्धं अंगण रिकामं झालं. तेव्हापासून पाच. चार मिनिटांचं एक धरलं तर वीस मिनिटं गाणं आणि तेवढंच किंवा थोडं जास्त बोलणं. तासाभरात माणूस घरी.

त्या पाचांत मी एक मराठी, एक नव्वदच्या दशकातलं हिंदी पॉप, एक गेल्या सहा महिन्यांतलं, एक ज्याची भाषा गावात कोणालाच येत नाही असं, आणि एक फर्माईशीचं घेते. पॉप म्हणजे सिनेमात नसलेलं, गायकाच्या किंवा गायिकेच्या नावावर चालणारं गाणं असं आम्ही ढोबळ धरलं आहे. पण आपल्याकडे ती भिंत कच्चीच आहे. २०१६ साली 'सैराट'ची गाणी आली तेव्हा ती सिनेमाची म्हणून बाजूला ठेवायची तर वरातीत वाजवायला काही राहिलंच नसतं. अजय-अतुल यांनी त्या गाण्यांसाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद बसवला होता. 'याड लागलं' ऐकताना डोळे मिटले तर कितीतरी व्हायोलिनं एकदम उठल्यासारखी वाटतात. वरातीच्या डीजेवर त्यातलं काही ऐकू येत नाही, अंगणात येतं. म्हणून तेही आमच्या यादीत आलं.

फर्माईशीच्या जागेवर तडजोड करू नका. १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि झारखंडातल्या झुमरी तलैयाचं नाव सगळ्या देशाला पाठ झालं, ते तिथल्या लोकांनी पाठवलेल्या फर्माईशींमुळे. आपलं नाव घेऊन गाणं लागणं ही मोठी गोष्ट असते. मी दुकानात एक डबा ठेवला आहे. चिठ्ठीत गाण्याचं नाव, आपलं नाव, आणि कोणासाठी. "कोणासाठी" हा रकाना मी नंतर वाढवला, आणि चिठ्ठ्या दुप्पट झाल्या. लग्न होऊन पुसदला गेलेल्या बहिणीसाठी, बारा वर्षं बोलणं बंद असलेल्या भावासाठी. ते नाव मी मोठ्यानं वाचायचं की नाही, हे चिठ्ठी देणाऱ्याला आधी विचारून घेते.

व्हिडिओ तीनदा पाहा

या कामावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. दुसऱ्याला काही दाखवायचं तर आपण ते आधी नीट पाहिलेलं असावं लागतं.

पहिल्यांदा फोन पालथा ठेवून नुसतं ऐका. ठेका कधी लागतो, मुखडा किती वेळा येतो, आवाज कुठे एकटा पडतो ते वहीत लिहा. शक्य असेल तर मिनिट-सेकंदासकट. दुसऱ्यांदा आवाज बंद करून नुसता व्हिडिओ पाहा. आपण एरवी असं कधीच पाहत नाही, म्हणून यातच सगळ्यात जास्त सापडतं. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र.

नॉर्वेच्या 'आ-हा' या त्रिकुटाचं 'टेक ऑन मी' मी असंच पाहिलं. १९८५ सालचा व्हिडिओ. एक मुलगी हॉटेलात चित्रकथा वाचत बसली आहे, आणि त्या पानातून पेन्सिलनं काढलेला एक हात बाहेर येतो. ती तो हात धरते आणि पानात जाते. आवाज बंद होता म्हणून माझं लक्ष रेघांकडे गेलं. त्या थरथरतात, एक रेघ एका जागी राहत नाही. मग शोधलं तेव्हा कळलं, की आधी खऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं आणि त्यातली एकेक चौकट हातानं गिरवून काढली, सुमारे तीन हजार चित्रं, सोळा आठवड्यांचं काम. हे मी अंगणात आधी सांगितलं आणि मग व्हिडिओ लावला. कागदातून हात निघाला तेव्हा पुढे बसलेली मोठी माय पाट धरून मागे सरकली. संपल्यावर म्हणाली, "थरथर होते ना, ते हातानं काढलं म्हनून. मशीनची शिवन आन् हातची शिवन, तसंच हाय वं ते." मी चाळीस वर्षांची, रोज दोन्ही शिवणी घालते, आणि हे मला सुचलं नव्हतं.

मुलांसाठी दलेर मेहंदींचं १९९८ सालचं 'तुनक तुनक तुन' लावा. त्यात एकच माणूस चार वेगवेगळ्या पोशाखांत एकत्र नाचतो. त्यांची गाणी मागे नाचणाऱ्या मुलींमुळे चालतात अशी टीका व्हायची, म्हणून त्यांनी दुसरं कोणीच न घेता स्वतःलाच चार केलं, असं सांगतात. डोंगर, आकाश, इमारती, सगळं संगणकावर मागून जोडलेलं. मुलांना लावण्याआधी एकच प्रश्न द्या: कोणत्या रंगाच्या पोशाखाचा कोणत्या तत्त्वाशी संबंध आहे? पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा. मग बघा किती शांतपणे पाहतात. प्रश्न दिला की डोळ्यांना काम मिळतं, हा अनुभव मला प्रत्येक वेळी आला आहे.

अलिशा चिनॉय यांचं 'मेड इन इंडिया' १९९५ चं. राजकन्येपुढे देशोदेशीचे नवरदेव येतात, तिला एकही पसंत नाही, आणि शेवटी लाकडी पेटीतून मिलिंद सोमण निघतो. आमच्या वयाच्या बायांना ते न दाखवताही दिसतं. अशा गाण्याआधी काही सांगत बसू नका. लावा आणि गप्प राहा. नंतर त्याच बोलतील, लग्नाआधीचं, माहेरचा टीव्ही कोणत्या खोलीत होता तिथपासून.

लांबीचं भान ठेवा. मायकल जॅक्सनचा १९८३ चा 'थ्रिलर' जवळपास चौदा मिनिटांचा आहे, छोटा सिनेमाच. तो पूर्ण लावला तर बाकीची गाणी बसत नाहीत, आणि लहान पोरं घाबरतात ते वेगळंच. आम्ही त्यातला फक्त नाचाचा भाग पाहिला, आणि मोठ्या पोरांसाठी पूर्ण व्हिडिओ उन्हाळ्याच्या सुट्टीत वेगळा ठेवला.

दोन वाक्यं

आता गाण्याआधी बोलायची दोन वाक्यं एका चिठ्ठीवर लिहायची. "खूप छान गाणं आहे, नक्की ऐका" असं लिहून काही होत नाही. मी स्वतः पहिले दोन महिने असंच लिहीत होते, वहीत अजून आहे. चांगल्या दोन वाक्यांत यातलं काहीतरी असतं: हे मला कुठे आणि कधी भेटलं, यात नेमकं कुठे कान द्यायचा, आणि हे कोणत्या वेळी ऐकायचं. तिन्ही एकदम कोंबू नका.

उदाहरण देते. मिलिंद इंगळे यांचं 'गारवा' मी मेच्या शेवटच्या शनिवारी घेतलं. चिठ्ठी अशी होती: "आधी सौमित्र कविता म्हणतात, मग गाणं सुरू होतं. बोलणं कुठे संपलं आणि ऊन कुठे उतरलं, ते लक्ष देऊन ऐका." त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या पुढे होता आणि अंगणातले सगळे वर आभाळाकडे बघत होते. हीच चिठ्ठी जानेवारीत दिली असती तर वाया गेली असती.

दुसरी चिठ्ठी २०२४ ची. संजू राठोड यांचं 'गुलाबी साडी'. "या लग्नसराईत माझ्याकडचं गुलाबी अस्तर तीनदा संपलं, आणि त्याचं कारण हे गाणं आहे. लिहिणारा-गाणारा जळगाव जिल्ह्यातला आहे." यात गाण्याची स्तुती एका शब्दानं नाही. पण माझ्या दुकानात घडलेली गोष्ट आहे, ती दुसरं कोणी लिहू शकत नाही. तुमच्याकडे किराणा दुकान असेल, आटाचक्की असेल, तुम्ही काळीपिवळी चालवत असाल, तर तिथलं लिहा. मागच्या सीटवरचं कोणतं माणूस कोणत्या गाण्याला गप्प झालं, हे तुम्हालाच माहीत असतं.

चिठ्ठी मोठ्यानं वाचून बघा. वाचताना अडखळलात तर शब्द बदला. अंगणात ती बोलायची आहे.

नाव-गाव तपासणं

प्रत्येक गाण्याचा गायक, गीतकार, संगीतकार आणि साल लिहा. व्हिडिओच्या खालच्या माहितीत हे असतं, पण ते गायकाच्या किंवा कंपनीच्या मूळ चॅनलवरूनच घ्या. कोणीतरी उचलून टाकलेल्या व्हिडिओत साल चुकतं, नाव गळतं, मध्येच वेग बदललेला असतो. शिवाय मूळ ठिकाणी ऐकलं की ज्याचं गाणं त्याच्या पदरात काहीतरी पडतं. त्याच कारणानं मी गाणी भलत्या संकेतस्थळांवरून उतरवून वाटत नाही, आणि बैठकीला कधी एक रुपया वर्गणी घेतली नाही.

नावं लिहायची सवय लागली की धागे सापडतात, आणि मला यातच सगळ्यात जास्त गोडी आहे. १९८० च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' गाणारी नाझिया हसन तेव्हा पंधरा वर्षांची होती. ते बसवलं बिड्डू यांनी. वहीत पुढे, त्यानंतर पंधरा वर्षांनी आलेल्या 'मेड इन इंडिया'समोर संगीतकार लिहायला गेले तर परत बिड्डू. त्या शनिवारी दोन्ही गाणी लागोपाठ लावली. नववीतल्या एका पोट्टीनं विचारलं, "पंधरा वर्षांची होती? माह्यायेवढी?" त्यानंतर ते गाणं तिनं पुन्हा लावायला लावलं. शकीराचं २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाचं 'वाका वाका' घ्या. त्यातला सगळ्यांच्या तोंडी असलेला तुकडा कॅमेरूनच्या गोल्डन साउंड्स या गटाच्या १९८६ सालच्या गाण्यातला आहे. आधी जुनं ऐकवा, मग नवं. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

अंगणाची मांडणी

लहान ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो जमिनीवर ठेवू नका. बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीच्या स्टुलावर, भिंतीच्या कोपऱ्याजवळ ठेवा. कोपऱ्यात खर्ज भरून येतो. फार भरला, शब्द बुडायला लागले, तर हातभर पुढे ओढा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो. पन्नास-शंभर रुपयांची साधी ऑडिओ पिन असलेली वायर लावा, हा दोष जातो. फोनला पिनेचं भोक नसेल तर जोडणी वेगळी मिळते.

पडद्यासाठी चुन्यानं रंगवलेली भिंत सगळ्यात उत्तम. चादर लावायची तर हवेत टांगू नका. उजेड आरपार जातो आणि वाऱ्यानं माणसांची तोंडं वाकडी होतात. भिंतीला चिकटवून चारही कोपरे ओढून बांधा. प्रोजेक्टर नसेल तर एखाद्याच्या घरचा टीव्ही ओसरीवर आणता येतो. आम्ही दोन वर्षं तसंच केलं. काहीच नसेल तर नुसतं ऐका. फोन भोवती आठ डोकी जमवून व्हिडिओ पाहण्यात मागच्याला काहीच दिसत नाही.

नेटचा भरवसा धरू नका. शुक्रवारी रात्री, रेंज बरी असते तेव्हा, यूट्यूबच्याच ॲपमध्ये डाउनलोडचं बटण दाबून पाचही गाणी ठेवून घ्या. ती ठरावीक मुदतीनंतर परत नेट मागतात, म्हणून फार आधी करू नका, आणि शनिवारी दुपारी एकदा विमानाचं चिन्ह दाबून नेट बंद करून उघडतात का ते बघा. डेटा सांभाळायचा असेल तर फोनवर पाहायला ३६० चा दर्जा पुरतो, चार मिनिटांना ढोबळ वीस एमबी. भिंतीवर ते धूसर दिसतं. तिथे ७२० मिळत असेल तर घ्या, तीन-चार पट डेटा धरा. लाइन जायचीच, म्हणून स्पीकर सकाळी पूर्ण चार्ज आणि एक गाणं असं हाताशी ठेवा जे अंधारात नुसतं ऐकायला चांगलं. लकी अलींचं १९९६ चं 'ओ सनम' आमच्याकडे त्या कामाला आहे. त्याचा व्हिडिओ इजिप्तमध्ये, पिरॅमिडांच्या देशात घेतलेला. लाइन आली की उरलेलं बघतो.

आणि एक सेटिंग विसरू नका: ऑटोप्ले बंद. एकदा माझ्याकडून राहिलं. गाणं संपलं, मी चिठ्ठी शोधत होते, आणि ॲपनं आपल्या मनानं पुढचं लावलं, ते म्हाताऱ्या माणसांपुढे आणि लेकरांपुढे लावण्यासारखं नव्हतं. दोन घरच्या मुली पुढचे तीन शनिवार आल्या नाहीत. त्यांच्या आयांना घरी जाऊन भेटले, झालं ते सांगितलं, तेव्हा परत आल्या. त्यानंतर मी कोणतंही गाणं शेवटच्या सेकंदापर्यंत स्वतः पाहिल्याशिवाय लावलेलं नाही, फर्माईशीचंसुद्धा.

आवाजाचा कायदा माहीत असू द्या. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि वस्तीत दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे साधं बोलणं ऐकू येईल एवढाच आवाज. अंगणाच्या फाटकाशी उभं राहून शेजाऱ्याशी बोलून बघा. ओरडावं लागलं तर कमी करा. शेजारी बोर्डाचा अभ्यास करणारं पोरगं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही देवळाच्या मागच्या पटांगणात जातो.

क्रम

पहिलं ओळखीचं, म्हणजे उशिरा येणाऱ्याचं काही चुकत नाही. दुसरं मराठी. परक्या भाषेचं बरोबर मध्ये, तिसरं. तोवर कान उघडलेले असतात आणि कंटाळा आलेला नसतो. चौथं नवं. फर्माईश शेवटी, कारण ज्याची आहे तो आणि त्याच्या घरचे तोवर थांबतात.

ज्याची भाषा येत नाही

या तिसऱ्या गाण्याला लोक सुरुवातीला नाराज असतात. "कायले लावतं ते इंग्रजी-फिंग्रजी?" असं मला एका काकाजींनी दर आठवड्याला विचारलं. मी त्यांना २०१९ चं दक्षिण आफ्रिकेचं 'जेरुसलेमा' लावून दाखवलं. मास्टर केजी यांचं संगीत, नोमसेबो झिकोडे यांचा आवाज, झुलू भाषा. अर्थ आधी चार वाक्यांत सांगितला: ही प्रार्थना आहे, देवाची नगरी हेच माझं घर, मला सांभाळ, माझ्यासोबत चाल, मला इथे सोडून जाऊ नको. मग २०२० मध्ये अंगोलाच्या नाचणाऱ्या मंडळींनी केलेला व्हिडिओ दाखवला, जो बघून जगभर दवाखान्यांतल्या नर्सेससुद्धा नाचल्या. त्यात माणसं हातात जेवणाची ताटली घेऊन, खाता खाता पावलं टाकतात. अंगणातून आवाज आला, "अवो, हे त जेवता जेवता नाचून रायले!" आणि काकाजी, जे गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतात, त्यांनी दुसऱ्या कडव्यापासून मांडीवर ठेका धरला. संपल्यावर म्हणाले, "भजनच हाय हे. फक्त देव दुसऱ्या गावचा."

अर्थ सांगताना शब्दाला शब्द देऊ नका. गाणारा कोणाशी बोलतो आहे, काय मागतो आहे, एवढं सांगितलं की पुरे. आणि अर्थ थट्टेचा असेल तर तेही सांगा. २०१२ चं 'गंगनम स्टाइल' यूट्यूबवर सगळ्यात आधी शंभर कोटी वेळा पाहिलं गेलं, पोरं त्याचा घोड्यावरचा नाच करतात, पण गंगनम ही सोल शहरातली श्रीमंत वस्ती आहे आणि तिथल्यासारखा बडेजाव मिरवणाऱ्यांना ते गाणं चिमटा काढतं, हे कळल्यावर नाचाला वेगळीच मजा येते.

गाणं कोणाचं आहे

सगळी गाणी आपण ऐकवायची नसतात. १४ एप्रिलच्या आठवड्याची यादी बौद्धपुऱ्यातल्या मुली करतात, चिठ्ठ्याही त्याच वाचतात. मी पहिल्या वर्षी स्वतः एक भीमगीत निवडून लावलं होतं. गाणं चांगलंच होतं, पण त्याबद्दल मला जे सांगता आलं ते पुस्तकी होतं. पुढच्या वर्षी एका मुलीनं वामनदादा कर्डकांचं एक गीत आधी आजोबांच्या जुन्या कॅसेटच्या चालीत स्वतः म्हटलं, आणि मग त्याचीच आजची डीजेवरची आवृत्ती लावली. तिचा आजोबा नागपूरच्या दीक्षाभूमीला कितव्या वर्षी कोणाच्या खांद्यावर बसून गेला होता, तेही तिनं सांगितलं. त्या दिवशी अंगणात कोणी हललं नाही. जुनं आणि नवं असं एकापाठोपाठ ऐकवायची ही तिची पद्धत मी पुढे सगळ्या गाण्यांसाठी उचलली.

वाद होतात. रिमिक्स चांगलं की मूळ, यावर दोन भाऊ घरी जाईपर्यंत भांडले आहेत. होऊ द्या. फक्त एक नियम ठेवा: "मला आवडलं नाही" म्हणणाऱ्यानं गाण्यातली जागा सांगायची, माणसाबद्दल बोलायचं नाही. ज्यानं गाणं आणलं त्याला हसणं, हे एकदा जरी चाललं तरी डब्यातल्या चिठ्ठ्या थांबतात. लाजऱ्या माणसाची चिठ्ठी सगळ्यात आधी थांबते.

पाळी

तिसऱ्या महिन्यापासून महिन्यातला एक शनिवार दुसऱ्याला द्या. वही त्याच्या घरी पाठवायची, सोमवारी. त्यानं तीन दिवस ऐकायचं, तीनदा पाहायचं, दोन वाक्यं लिहायची, आणि शुक्रवारी मला फक्त यादी दाखवायची, तीही एवढ्यासाठी की एकच गाणं दोन महिन्यांत दुसऱ्यांदा येऊ नये. मी शब्द बदलत नाही. आमच्या वहीत अकरा वेगवेगळी अक्षरं आहेत. लिहिता न येणाऱ्या मोठ्या मायनं पाच गाणी सांगितली आणि नातवानं लिहिली. तिची पाचही गाणी जात्यावरच्या ओव्यांसारखी संथ होती, आणि तिनं प्रत्येकासमोर एकच लिहायला लावलं होतं, हे कोणासोबत ऐकावं ते.

गावात मयत झाली तर त्या आठवड्यात बैठक नाही. स्पीकर बिघडला तर बैठक आहे, गंज आहेच. पेरणीच्या सुट्टीनंतर पहिली निंदणी आटोपली की पुन्हा सुरू करतो, आणि पोळ्याच्या आठवड्यात परत एक शनिवार सोडतो, कारण घरोघरी पाहुणे असतात. त्याच्या पुढच्या शनिवारी सात वाजता पाणी शिंपून, स्टूल कोपऱ्यात ठेवून, डबा उघडतो.